नाव घेतलं

तिसऱ्या वाराला महिषासुरानं पडायचं असतं. हेमराज पडलाही, रीतसर, ढालीसकट पाठीवर. इथं संबळ थांबतो, देवी दैत्याच्या छातीवर पाय ठेवते आणि बाया नारळ घेऊन पुढं येतात. पण आज देवीनं पाय छातीवर ठेवला नाही. तोंडावर हाणला.

लोक खूश झाले. मोखाड्याजवळच्या या पाड्यावर दरवर्षी बोहाडा होतो, मुखवटे चढवून देवदैत्य नाचतात, शेवटच्या सकाळी देवी दैत्याला मारते. पण इतकी मनापासून मारताना तिला कुणी पाहिली नव्हती. "हाण आई, हाण!" म्हातारा बाबल्या ओरडला. संबळवाल्यालाही चेव चढला.

रंजनाच्या हातातला मोबाइल तसाच राहिला. देवीच्या मुखवट्याआड तिचा धाकटा भाऊ तुळशीदास होता आणि खाली पडलेला दैत्य म्हणजे तिचा नवरा. हे सोंग नाही, खरं चाललंय, एवढं त्या गर्दीत तिला एकटीलाच कळत होतं.

भांडण जाहिरातींचं होतं. बोहाड्याच्या वेडापायी तिघांनी मिळून इंटरनेटवर विकी, म्हणजे कुणालाही भर घालता येईल असा माहितीकोश, काढली होती. कुठलं सोंग कसं नाचतं, कुठला मुखवटा कुणाच्या घरात, कुठल्या देवाला कुठली चाल, सगळं त्या विकीवर. जव्हारपासून ठाण्यापर्यंतचे शौकीन तिथं हौसेनं लिहीत, कुणी कपभर चहाची अपेक्षा केली नव्हती. आता इंटरनेटवर फुकटात मिळालेली जागा जाणार होती, पुढं पैसे भरावे लागणार होते. हेमराज म्हणे, "जाहिराती घेऊ, नाय तं विकीच बंद पडंल. मंग कुनाला दाखवशील तुजी देवी?" तुळशीदास म्हणे, "पडू दे बंद. देवीच्या अंगावर दुकानाची पाटी नाय लावायची." मग दोघं रंजनाकडं बघत. ती म्हणे, "बघू." खरं सांगायचं तर दोघांचंही तिला पटत होतं, म्हणून ती नुसती बघत राहिली.

आज सकाळी हेमराजनं कुणाला न विचारता जाहिराती सुरू केल्या. देवीचं सोंग घ्यायचं म्हणून तुळशीदासनं कधीपासून मांसमच्छी सोडलेली. त्यानं फोन उघडला तर देवीच्या फोटोला खेटून चिकन मसाल्याची जाहिरात, आणि तंगडी नेमकी देवीच्या तोंडाशी आलेली. त्यानं ते रंजनाला दाखवलं, मुखवटा चढवला आणि मैदानात गेला.

देवीची तलवार बोथट असते, पण असते लोखंडाचीच. ती हेमराजच्या खांद्यावर बसली, मग बरगडीवर. दैत्याचं एक शिंग मोडून गर्दीत उडालं, लोक हसले. हेमराजही गप्प मार खाणारा नव्हता. त्यानं ढालीची कड देवीच्या गुडघ्यावर घातली, पाय ओढून तिला खाली पाडलं आणि दोन्ही मुठींनी मुखवट्यावर ठोसे घातले. धुरळ्यात दोघं लोळले. उठली ती देवी. दैत्याच्या मुखवट्याखालून रक्त गळ्यावर उतरत होतं. देवी त्याच्या छातीवर बसली, तलवार दोन्ही हातांनी धरली आणि टोक मुखवट्याच्या खाली, उघड्या गळ्यावर टेकवलं.

"आई, मार!" गर्दी ओरडली.

सोंग चढलं की आतल्या माणसाचं नाव घ्यायचं नाही. घेतलं तर खेळ तिथंच मोडतो, सोंग उतरतं, आणि त्या घरातून कायमचं जातं. विकीवर हा नियम लाल अक्षरांत रंजनानंच लिहिला होता. तिच्या बापानं सांभाळलेली देवी तुळशीदासच्या घरात होती. महिषासुर तिच्या सासरचा. दोघांतलं कुठलंही नाव चाललं असतं. नवऱ्याचं घेतलं असतं तर खेळ मोडला असता, भावाचा हात थांबला असता आणि देवी माहेरी राहिली असती.

हे सगळं तिला त्या क्षणी लख्ख कळलं. पण नवऱ्याचं नाव तिनं उखाण्यात घेतलं होतं तेवढंच. विकीवर बोटांनी कितीदा लिहिलं, तोंडानं कधी नाही. तिनं तोंड उघडलं. जीभ अडली. तलवारीचं टोक रुतलं.

"तुळ्या!"

संबळ थांबला. बायांनी नारळ पदराआड घेतले. बाबल्यानं डोक्यावरची टोपी काढली.

तुळशीदासनं तलवार टाकली आणि मुखवटा उतरवला. ओठ फुटला होता, तोंड घामानं आणि रडण्यानं भिजलेलं. मुखवटा त्यानं बहिणीच्या हातात दिला. आतून तो अजून गरम होता.

"जीव वाचवलास त्याचा, ते बरं केलंस," तो म्हणाला. "पन नवऱ्याचं नाव घेता नाय आलं तुला, बाय?"

मुखवटा तिनं बाबल्याकडं दिला आणि हेमराजकडं धावली.

त्याला जीपमध्ये घालून जव्हारच्या दवाखान्याकडं नेलं. त्याच्या गळ्यावर पदर दाबून रंजना मागं बसली होती. त्याचे डोळे सारखे मिटत होते. "झोपू देऊ नकोस त्याला, बोलत राहा," जीपवाला म्हणाला.

"हेमराज," ती म्हणाली. "अहो हेमराज, डोळे उघडा. हेमराज. हेमराज."

साऱ्या घाटभर ती त्याचं नाव घेत राहिली. जीभ कुठं म्हणून अडली नाही.