खिळ्यावरचा बिल्ला

कामाच्या पहिल्या दिवशी फाटकाशी उभं राहून झिंगरूजींनी खिशातला पितळी बिल्ला सवयीनं पहारेकऱ्यापुढे धरला. तीस वर्षं कोळशाच्या खाणीत उतरताना ते असाच बिल्ला देऊन दिवा घेत आले होते.

"काकाजी, उनात काचा पुसाले दिवा कायले पाहिजे?" पहारेकरी हसला, आणि त्यांचं मन राखायला त्यानं बिल्ला खिळ्याला अडकवला.

खाण बंद झाली होती. आता तिच्याच जमिनीवर सोलरच्या काचा चमकत होत्या, आणि त्या धुवायला झिंगरूजी लागले होते.

दुपारी शेवटच्या रांगेत त्यांना भोवळ आली. डोळे उघडले तेव्हा ऊन उतरलं होतं. पाय उचलत नव्हता, घशातून आवाज फुटत नव्हता. तरी ते घाबरले नाहीत. एकदा खाणीत छत कोसळलं, तेव्हा संध्याकाळी खिळ्यावर त्यांचा एकट्याचा बिल्ला उरलेला पाहून अख्खी पाळी घरी न जाता पुन्हा खाली उतरली होती. बिल्ला खिळ्यावर म्हणजे माणूस आत. कोणीतरी येईलच.

ते निवांत पडून राहिले. फाटकाकडून पहारेकऱ्याचं गुणगुणणं ऐकू आलं, आणि पाठोपाठ कुलूप लागल्याचा आवाज.