एल्कानोचा एक दिवस
ओमानमधल्या सलालाहमध्ये रमजान ईद होती आणि मी सकाळपासून घरात येरझाऱ्या घालत होतो. गेल्या ईदला मित्रांबरोबर जेवत असताना रत्नागिरीहून माझी बायको वारल्याचा फोन आला. तेव्हाच मी ठरवलं, या घरात पुन्हा ईद करायची नाही. मुलगी उमामा शाळेचा प्रोजेक्ट घेऊन समोर उभी राहिली. “सणाला कसला अभ्यास?” मी विचारलं. “तुम्ही कुठे सण करताय? ऐका, हा स्पेनचा दर्यावर्दी एल्कानो पाचशे वर्षांपूर्वी जहाजाने जगाला फेरी मारून आला. रोज तारीख लिहूनही, सतत पश्चिमेकडे गेल्यामुळे परतल्यावर जहाजावरच्या लोकांचा एक दिवस कमी भरला. सण चुकीच्या दिवशी पाळले म्हणून खलाशी हळहळले.” “माझा काय संबंध?” “अब्बा, गेल्या वर्षी इथे ईद झाली तेव्हा रत्नागिरीत चाँद दिसला नव्हता. तिकडे ईद दुसऱ्या दिवशी होती. अम्मी ईदला नाही, रोज्यात गेली.” नानीने पाठवलेला उमामाचा ईदचा नवा ड्रेस अजून पिशवीतच होता. मी इस्त्री लावली.