वादळबाई घरी येते

नवरा 'वादळबाई'ची चित्रकथा स्वतःच लिहितो, स्वतःच काढतो आणि कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून आणतो. पिना मारण्याआधी अंक बायकोने वाचायचा, हा घरचा नियम. मागच्या अंकात वादळबाईच्या हाताला फुटलेलं सहावं बोट तिनेच पकडलं होतं.

हॉस्पिटलमधून डबल ड्युटी करून आलेली बायको कोमट पाण्याच्या टबात पाय सोडून नवा अंक वाचायला बसली. या वेळी मारामारी नव्हतीच. अख्खं शहर वाचवून वादळबाई घरी येते. खांद्याने दार लोटते, बूट काढते, केप धुवायला टाकते, सिंकमधली भांडी घासते, उभ्या उभ्याच गार जेवण उरकते आणि कोमट पाण्यात पाय सोडून डोळे मिटते. संपला अंक.

"ही तूच आहेस," नवरा खुर्ची पुढे ओढत म्हणाला. "रोज इथे बसून तुला बघत होतो, तेव्हा कुठे जमलं. चुकलंय का काही?"

तिने पानं पुन्हा उलटून पाहिली. बोटं बरोबर होती. टाचेवरची भेगसुद्धा हुबेहूब होती.

"हिचा नवरा कुठल्या पानावर आहे?"

त्याने अंकाकडे पाहिलं. मग सिंकमधल्या भांड्यांकडे.

"चहा टाकू?" त्याने विचारलं.

तिने डोळे मिटून घेतले.

"अंकात की घरात?"