शेवटच्या नळाचं पाणी

"पाण्यात काही नाही. मग मर आली कुठून? आभाळातून पडली?" थोरल्याने रिपोर्टचा कागद धाकट्या भावापुढे आपटला.

आठ दिवसांत पोल्ट्रीतल्या चार हजार कोंबड्यांतले निम्मे पक्षी हगवणीने गेले होते. डॉक्टरांना पहिल्यापासून संशय पाण्याचा. पण तपासणीत पाणी अगदी निर्मळ निघालं, जंतूंचा मागमूस नाही. मग डॉक्टर म्हणाले, रोग कुणाच्या तरी बुटांबरोबर शेडमध्ये आला असणार. आणि शेडमध्ये राबणारा एकटा धाकटा.

त्याचा पक्ष्यांवर भारी जीव. लग्नाचा विषय काढला की म्हणायचा, "आधी ही चार हजार लेकरं मार्गी लागू देत." मात्र मर लागायच्या आदल्या दिवशी तो मित्राच्या फार्मवर जाऊन आला होता, हेही खरं.

"बूट बदलले होते मी. औषधाच्या पाण्यात पाय बुडवूनच आत गेलो."

"चोर तो चोर, वर शिरजोर!"

थोरल्याचं बोलणं त्याने गिळलंही असतं, लहानपणापासूनची सवयच ती. पण आई मध्ये पडली. बिचारीला वाटलं, याने मान खाली घातली की भांडण मिटेल.

"बाळा, माणूसच चुकतो. कबूल करून टाक. कागद कशाला खोटं बोलेल?"

धाकटा उठला. मग आत गेला, चार कपडे पिशवीत कोंबले आणि निघाला. पुन्हा त्याचा फोन आला नाही. केला तर लागतही नव्हता. त्या दिवसापासून आईला घास गोड लागला नाही.

थोरल्याने शेड धुऊन काढली, चुना मारला, नवी पिल्लं आणली. बाहेरचं काळं कुत्रंही आत फिरकू दिलं नाही. तरी बाराव्या दिवशी हगवण सुरू झाली.

डॉक्टरांनी पाण्याच्या पाइपचं टोक उघडून आत बोट घातलं. बोट बुळबुळीत होऊन बाहेर आलं. थोरल्याने स्वतःचंही बोट घालून पाहिलं.

"पुन्हा तपासायला पाठवू," डॉक्टर म्हणाले. त्यांनी नवी बाटली काढली. "मागच्या वेळी कुणी भरली होती?"

"मीच की. तुम्ही सांगितलं तसं, शेवटच्या नळाचं." आईने बाटली घेतली, नळाखाली तांब्या भरला आणि लगबगीने घराकडे वळली. कितीतरी दिवसांनी तिच्या पायांत जोर आला होता.

"आई, चहा नको आत्ता," थोरला म्हणाला.

"चहा कुठला! चार लोकांपुढे जायचं पाणी, असं गढूळ कसं द्यायचं? मागच्या वेळीही चांगलं खळाखळा उकळलं, फडक्यातून गाळलं, मगच भरलं होतं मी."