डावी भुवई

भुवया कोरताना दोरा दातांत धरला की मला बोलता येत नाही, हे विमा एजंट कल्याणकर मॅडमना पक्कं ठाऊक. माझ्या एकटीच्या पार्लरमधल्या खुर्चीत डोळे मिटून त्या सुरू झाल्या, "ताई, तुम्हाला ना मालक, ना पगारी रजा. स्वतःची आरोग्य पॉलिसी हवीच!"

उजवी भुवई झाली तसा मी दोरा सोडला. "मॅडम, दिवसभर गिऱ्हाइकांवर वाकून माझी मान धरते. तिचा खर्च मिळेल?"

"आधीपासून दुखतेय ना? मग तीन वर्षं थांबावं लागेल."

"आणि हप्ता?"

"तो आजच भरायचा. पूर्ण."

"मग लगेच काय मिळतं?"

"अपघात! अगदी उद्या झाला तरी चालेल."

मी त्यांच्या गळ्याभोवतीचा टॉवेल काढून झटकला. "झालं. उठा."

मॅडमनी आरशात पाहिलं आणि त्या किंचाळल्याच. "अहो, डावी राहिली! संध्याकाळी दिराचा साखरपुडा आहे माझ्या!"

"डावी आधीपासून वाढलेली होती ना? मग तीन वर्षं थांबावं लागेल." मी हात पुढे केला. "पैसे मात्र आजच. दोन्ही भुवयांचे."