पांढऱ्या साड्यांमागं

आमगावहून लंकेच्या यात्रेले निघताना सून म्हणाली, "आई, आपल्या बायांच्या पांढऱ्या साड्यांमागंच राहा, म्हणजे चुकणार नाही." तिले कुठं माहीत, पौर्णिमेले तिकडं अख्खा देशच पांढरं नेसते. मी साड्यांमागं चालत भलत्याच बसमध्ये चढली. बस सुटल्यावर पाहिलं त एकही चेहरा ओळखीचा नाही. माझी बोली कोणाले समजेना. भेवानं डोळे मिटले आन् आपण विहारात तीनदा म्हणतो ते त्रिशरण सुरू केलं, "बुद्धं सरणं गच्छामि." पहिल्यांदा एकटीनं म्हटलं. दुसऱ्यांदा अख्खी बस सोबत म्हणून राहिली होती. बाजूले बसलेल्या बाईनं माझ्या यात्रेच्या पिशवीवरचा नंबर फोनवर लावला, कोणीतरी दूधभात चारला आन् ड्रायव्हरनं बसच मागं फिरवली. आता इथं आमगावच्या बाया विचारतात, "किती वेळ हरवली होतीस वं?" मी सांगते, "एकदा त्रिशरण म्हणायले जेवढा वेळ लागते, तेवढाच."