बिनखिडकीची खोली

फुलचूरच्या स्टुडिओत साक्षीनं आज पहिल्यांदाच ड्रमला माईक लावले होते. "जमलं नाही तर घरी बस," असं आईनं बजावलंच होतं. पण वरातीत ड्रम वाजवणाऱ्या धुमाल पार्टीतला लखन त्या बिनखिडकीच्या खोलीत सारखा अडखळत होता.

"समोर कोणी नाचूनच नाही राहिलं मॅडम, हात कसा चालन?"

साक्षीनं आजवर प्रत्येक वरात गच्चीवरूनच पाहिली होती. आपल्या घरच्या पोरी रस्त्यावर नाचत नाहीत, हेही आईचंच. तिनं आतून दार लावलं, माईकमध्ये पावलं वाजू नयेत म्हणून चपला काढल्या अन् नाचायला लागली. लखनचे हात ड्रमवर सुसाट सुटले.

बाहेर रेकॉर्डिंग मशीनवर बसलेले केवलराम सर स्पीकरवरून ओरडले, "वा बेटा! झालं काम, या बाहेर."



साक्षी धापा टाकत चक्क खोटं बोलली, "सर, माझ्याकडून माईक चुकीचा लागला. अजून एकदा घ्यावं लागते."